वाचकांचे प्रश्न : मांजर खरोखर किती हुशार असते?

या वेळी आलेली बहुतेक पत्रे मांजरांविषयी आहेत आणि ती जळगाव, धुळे व नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून आली आहेत. काही वाचकांना आपले मांजर माणसाइतके समंजस वाटते, तर काहींच्या मते ते निव्वळ पोटामागे धावणारे मतलबी जनावर आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत मांजरांवर जे प्रयोग झाले, त्यांतून दिसणारे मांजर या दोन्ही वर्णनांत बसत नाही. त्याच्या बुद्धीला स्वतःची अशी ठाम दिशा आहे. त्या दिशेने प्रश्न विचारला तर ते थक्क करते आणि भलत्याच दिशेने विचारला तर मठ्ठ ठरते. पुढील उत्तरांत मी शक्य तिथे प्रयोगांचा आधार दिला आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

अमळनेरहून एक शिक्षिका लिहितात : आमच्या स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटाला लाकडी खिटी आहे. आमची मनी मागच्या पायांवर उभी राहते, पंजाने खिटी फिरवते आणि दुधाच्या पातेल्यापर्यंत पोहोचते. तिला हे कोणीही शिकवलेले नाही. खिटी फिरली की दार सुटते हे तिला समजले आहे, असे मी म्हणते. आमच्या यजमानांच्या मते ही नुसती सवय आहे. खरे काय समजावे?

तुमच्या घरात चाललेला वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांमध्ये जवळपास याच शब्दांत झाला होता. डार्विनचे तरुण सहकारी जॉर्ज रोमेन्स यांनी १८८२ साली प्राण्यांच्या हुशारीच्या असंख्य हकिकती एकत्र करून छापल्या. त्यांत उडी मारून दाराचा खटका दाबणाऱ्या मांजरांच्याही हकिकती होत्या. माणूस हाताने दार उघडतो हे मांजराने पाहिले आणि हाताने जे साधते ते पंजानेही साधेल असे अनुमान काढले, असा अर्थ रोमेन्स यांनी त्यांतून लावला. १८९४ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉर्गन यांनी याला हरकत घेतली. एखादे वर्तन साध्या कारणाने उलगडत असेल तर त्याचे श्रेय वरच्या दर्जाच्या विचारशक्तीला देऊ नये, असा नियम त्यांनी मांडला. त्यांचा कुत्रा टोनी फाटकाचा खटका डोक्याने उचलून सफाईने रस्त्यावर जात असे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो विचारवंत वाटला असता. पण मॉर्गन यांनी त्याची सुरुवात पाहिली होती. गजांमधून डोके घालून बाहेर पाहण्याच्या खटपटीत एकदा खटका आपोआप उचलला गेला होता, आणि पुढचे सारे कौशल्य त्या योगायोगावर उभे राहिले होते.

नेमकी हीच सुरुवात मोजण्याचे काम एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन तरुणाने हाती घेतले आणि १८९८ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याने फळ्यांचे लहान खोके तयार केले. कोणाचे दार दोरीचा फास ओढल्यावर उघडे, कोणाचे आडवी खिटी फिरवल्यावर, तर कोणाचे तरफ दाबल्यावर. भुकेले मांजर आत आणि खाणे बाहेर, अशी मांडणी करून तो प्रत्येक वेळी लागलेले सेकंद लिहून ठेवी. पहिल्या वेळी मांजर गजांना चावे, ओरबाडे, फटीतून पंजा बाहेर काढे, आणि या धडपडीत कधीतरी पंजा नेमक्या जागी पडे. त्याच्या एका मांजराला सर्वांत सोप्या खोक्यातून सुटायला पहिल्यांदा १६० सेकंद लागले, मग ३०, मग पुन्हा ९०, मग ६०, मग १५, मग २८. असे वर-खाली होत होत अखेर ते सहा-सात सेकंदांवर स्थिरावले. थॉर्नडाइकचा युक्तिवाद या आकड्यांवर उभा आहे. मांजराला एखाद्या क्षणी युक्ती उमगली असती, तर त्या क्षणानंतर वेळ एकदम खाली येऊन तिथेच राहायला हवा होता. तसे झाले नाही. निरुपयोगी हालचाली हळूहळू गळून पडल्या आणि उपयोगी तेवढी उरली. दुसऱ्या मांजराला सुटताना पाहूनही त्याची मांजरे शिकली नाहीत, आणि त्याने त्यांचा पंजा हातात धरून फास ओढून दाखवला तरी त्याचा लाभ झाला नाही.

इथे थांबलो तर तुमचे यजमान जिंकले असे होईल. माझ्या मते हा निकाल अपुरा आहे, आणि त्याला कारणे आहेत. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर यांनी दाखवून दिले, की थॉर्नडाइकच्या खोक्यांत फास आणि दार यांना जोडणारी रचना मांजराला नीट दिसतच नव्हती; जे दिसत नाही त्यावर विचार कसा करणार? दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. १९४६ मध्ये गथ्री आणि हॉर्टन यांनी खोक्यात एक उभा दांडा ठेवला आणि तो हलला की दार उघडेल अशी सोय केली. मांजरे दर वेळी एकाच पद्धतीने दांड्याला अंग घासून सुटत, आणि ही शिकलेली हालचाल म्हणून पुढे अनेक वर्षे अभ्यासक्रमात शिकवली गेली. १९७९ मध्ये मूर आणि स्टटर्ड यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा दार उघडो वा न उघडो, समोर माणूस दिसला की मांजर दांड्याला अंग घासते आणि माणूस नसला की घासत नाही, असे आढळले. ती मांजरे समोर बसलेल्या प्रयोगकर्त्यांना ओळख दाखवत होती. मनी तुमच्या पायांत घोटाळते तेव्हा हेच करते. मांजराचे वागणे समजण्यात विद्वानांचीही इतकी चूक होऊ शकते, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

साधनांच्या आणि दोरखंडांच्या बाबतीत मात्र मांजराची मर्यादा खरी आहे. २००९ मध्ये ब्रिटा ऑस्टहाउस यांच्या गटाने पारदर्शक झाकणाखाली खाऊ ठेवून त्याला दोरी बांधली. एकच दोरी असताना मांजरांनी ती ओढून खाऊ मिळवला. शेजारी दुसरी रिकामी दोरी ठेवली किंवा दोन दोऱ्या एकमेकींवरून तिरक्या नेल्या, तेव्हा मात्र कोणती ओढावी हे त्यांना ठरवता आले नाही. दोरीच्या टोकाला खाऊ बांधलेला आहे, म्हणून दोरी ओढल्यावर तो येतो, हा संबंध त्यांच्या ध्यानात आला नसावा.

मनीची परीक्षा तुम्ही घरीच घेऊ शकता. खिटी कपाटाच्या दुसऱ्या कडेला, तेवढ्याच उंचीवर, स्पष्ट दिसेल अशी लावा. मनी जुन्या जागीच ओरबाडत राहिली तर तिने जागा आणि हालचाल पक्की केली आहे. थोडे पाहून नव्या खिटीकडे वळली तर तुमचे म्हणणे अधिक बळकट होईल. पहिल्या दिवसाचे पहिले काही क्षणच त्यात महत्त्वाचे आहेत, कारण नंतर ती पुन्हा धडपडीतून शिकेलच. एक विनंती तुमच्या यजमानांना : स्वतःच्या शंभर हालचालींतून उपयोगाची एक निवडून ती महिनोन्महिने ध्यानात ठेवणे याला ‘नुसती’ सवय म्हणू नये.

रावेर तालुक्यातील एक शेतकरी लिहितात : आमच्या कोठीत ज्वारी आणि मक्याची पोती असतात. आमची मांजर एका पोत्यासमोर तासन्तास बसते. अंग हलत नाही, कान तेवढे फिरतात. आम्हाला ना उंदीर दिसतो, ना आवाज येतो. कधी ती एकाएकी उठून थप्पीच्या दुसऱ्या बाजूला जाते आणि उंदीर तिथूनच बाहेर पडतो. आत काय चालले आहे हे तिला डोळ्यांपुढे दिसते का?

तुम्ही या विषयातला सर्वांत चांगला प्रश्न विचारला आहे, आणि त्याचे उत्तर मोठ्या अंशी होकारार्थी आहे.

आधी कानाविषयी. आपल्याला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही पुढचे येतात. उंदीर आपसांत ज्या अतिशय बारीक आवाजात बोलतात, ते आपल्या पट्टीबाहेरचे आणि मांजराच्या पट्टीतले आहेत. दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरत असल्याने आवाज पोत्याच्या कोणत्या भागातून येतो आहे हे मांजराला नेमके कळते. म्हणजे तुम्हाला जी कोठी शांत वाटते, ती तिच्यासाठी बोलकी असते.

पण ऐकणे वेगळे आणि ऐकलेल्यावरून न दिसणाऱ्या वस्तूचे अनुमान करणे वेगळे. जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या साहो ताकागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३० मांजरांवर नेमकी हीच गोष्ट तपासली. एक डबा मांजरापुढे हलवला जाई. कधी आत गोळ्या खडखडत, कधी डबा निःशब्द राही. मग तो उलटा केला जाई. डब्यात विद्युतचुंबक बसवला होता, त्यामुळे आवाज झालेल्या डब्यातून काहीच न पडणे किंवा आवाज न झालेल्या डब्यातून गोळ्या पडणे, असे विपरीत प्रकारही घडवून आणता येत. आवाज झाला की मांजरे डब्याकडे जास्त वेळ पाहत, आणि आवाज व पडणे यांचा मेळ बसला नाही तर त्याहून जास्त वेळ रोखून पाहत. खडखडाट झाला म्हणजे आत वस्तू आहे आणि डबा उलटा केल्यावर ती पडायला हवी, अशी अपेक्षा त्यांच्या मनात आधीच तयार झालेली होती. ताकागी यांच्या गटाने २०२१ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. मालकाचा आवाज एका ध्वनिक्षेपकातून ऐकवला आणि लगेच दुसऱ्या, लांबच्या जागेवरून ऐकवला. इतक्या कमी वेळात माणूस तिथे पोहोचणे शक्य नव्हते, आणि मांजरांच्या वागण्यात आश्चर्याच्या खुणा दिसल्या. आवाज माणसाचा नसला तर तसे झाले नाही. भिंतीपलीकडचा माणूस आत्ता कुठे असेल, याची नोंद मांजर मनात ठेवते, असा याचा अर्थ होतो. तुमच्या कोठीतही बहुधा हेच चालते, फक्त माणसाच्या जागी उंदीर असतो.

ही नोंद किती वेळ टिकते? प्रयोगशाळेत खेळणे चार खोक्यांपैकी एकामागे दडवून मांजराला थोडे थांबवून सोडले, तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच अचूकता झपाट्याने घसरते. तरीही एका मिनिटानंतर ते अंदाजापेक्षा बरे उत्तर देते. फिसे आणि डोरे यांनी २००६ मध्ये हे मोजले. तुमची मांजर तासभर बसू शकते ते अर्थात एका मिनिटाच्या आठवणीवर नव्हे. दर थोड्या वेळाने येणारी खुसखूस आणि वास यांनी तिची नोंद ताजी होत राहते. जागांची आठवण तर याहून फार लांब पल्ल्याची आहे. ४९ मांजरांवरील एका प्रयोगात त्यांना खाऊ ठेवलेल्या काही भांड्यांतूनच खाऊ दिला आणि पंधरा मिनिटांनी भांडी बदलून रिकामी ठेवली, तर मांजरे ज्या भांड्यातला खाऊ शिल्लक राहिला होता तिथे जास्त वेळ शोध घेत राहिली. एकदाच पाहिलेले, पाहताना लक्षात ठेवण्याचे काही कारण नसलेले, तेही त्यांनी ध्यानात ठेवले होते. थप्पीच्या मागच्या बाजूला फट आहे आणि उंदीर तिथून निघतो, हे तुमच्या मांजरीने केव्हाच टिपून ठेवले असणार.

शरीराची आठवण तर निराळीच आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात मॅकव्ही आणि पियर्सन यांनी चालणाऱ्या मांजरापुढे एक आडवी पट्टी ठेवली. मांजराने पुढचे दोन पाय पट्टीवरून टाकले की त्याला तिथेच थांबवून खाऊ देत आणि तेवढ्यात पट्टी गुपचूप काढून घेत. मांजर पुन्हा चालू लागले की मागचे पाय नसलेल्या पट्टीवरून उचलले जात, आणि हे दहा मिनिटांनंतरही घडे. पट्टी नुसती पाहिली असेल आणि पुढचे पाय टाकलेले नसतील, तर मात्र ती आठवण काही सेकंदांतच पुसली जाई. रात्री तुमच्या मांजरीला उंबरठा, विळी आणि घमेले चुकवत एका रेषेत जाताना पाहिले असेल, तर हे पटेल.

मर्यादाही सांगतो. खाऊ वाटीत घालून, वाटी पडद्यामागे नेऊन, तिथे खाऊ काढून ठेवून रिकामी वाटी मांजराला दाखवली, तर बहुतेक मांजरे खाऊ पडद्यामागे असणार हे ओळखत नाहीत. साधारण दोन वर्षांचे मूल हे ओळखते. मला यात नवल वाटत नाही, कारण उंदीर स्वतः पळतो आणि पळताना आवाज करतो. वाटीत बसून निःशब्द दुसरीकडे जाणारी शिकार मांजराच्या पूर्वजांच्या वाट्याला आलीच नाही. ते पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया व आफ्रिकेतले एकट्याने शिकार करणारे रानमांजर होय, हे २००७ च्या जनुकीय अभ्यासाने स्पष्ट झाले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले मांजरही सापडले आहे. शेतकऱ्याने धान्य साठवले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. तुमच्या कोठीत ती ज्या कामाला बसते, त्याच कामावर तिची बुद्धी घडली आहे.

चाळीसगावहून एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी विचारते : आमच्या आजी मांजराला अहिराणीतून हाक मारतात, आम्ही मराठीतून. ते कोणालाच ओ देत नाही. त्याला स्वतःचे नाव कळते का?

कळते. अत्सुको साइतो यांनी २०१९ मध्ये मांजरांना आधी चार साधे शब्द आणि मग त्यांचे नाव ऐकवले. शब्द ऐकता ऐकता कंटाळलेली मांजरे नाव येताच कान किंवा डोके हलवत, अगदी परक्या माणसाने उच्चारले तरीही. मात्र उठून जवळ येणारी फार थोडी होती. याच संशोधिकेने २०१३ मध्ये मांजर मालकाचा आवाज परक्यांच्या आवाजातून ओळखते हेही दाखवले होते आणि तिथेही प्रतिसाद कानापुरताच होता. त्यामुळे आजींनी हाक मारल्यावर मांजराच्या शेपटीकडे किंवा पायांकडे न पाहता कानांकडे पाहावे. भाषा कोणती याने फरक पडत नाही; नाव दर वेळी त्याच सुरात आणि खाणे किंवा कुरवाळणे यांच्याशी जोडून आले पाहिजे. आजी एका नावाने आणि तुम्ही दुसऱ्या नावाने हाक मारत असाल, तर ते दोन्ही नावे शिकू शकेल.

धुळ्याहून अकरावीचा एक विद्यार्थी विचारतो : कुत्रा हुशार की मांजर?

मेंदूच्या बाह्यपटलातील चेतापेशी मोजल्या तर कुत्रा पुढे आहे. सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांच्या गटाने २०१७ मध्ये मांजरात सुमारे २५ कोटी आणि कुत्र्यात सुमारे ५० कोटी पेशी मोजल्या. माणसात त्या सुमारे १६०० कोटी असतात. परंतु त्या मोजणीत मोजकेच प्राणी होते, आणि पेशींच्या संख्येवरून कोणता प्राणी काय करू शकेल हे सांगता येत नाही. वागण्यातला फरक बुडापेस्टच्या मिक्लोशी यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवला तो अधिक उपयोगाचा आहे. माणसाने बोट दाखवलेल्या भांड्याकडे जाण्यात मांजर कुत्र्याच्या बरोबरीने उतरले; पण खाऊ न सुटण्यासारखा बांधून ठेवला, तेव्हा कुत्रा लवकरच मालकाच्या तोंडाकडे पाहू लागला आणि मांजर स्वतःच झटत राहिले. कळपात राहणाऱ्या प्राण्याचा वंशज मदत मागतो आणि एकट्याने शिकार करणाऱ्याचा मागत नाही. यात कोण हुशार, हा प्रश्न मला योग्य वाटत नाही.

शहाद्याहून एक गृहिणी लिहितात : कडब्याच्या गंजीत आमच्या मांजरीने पिल्ले घातली. नंतर प्रथेप्रमाणे ती त्यांना सात घरे फिरवून पुन्हा आमच्याच ओसरीवर घेऊन आली. आता ती त्यांच्यापुढे अर्धमेला उंदीर आणून टाकते आणि स्वतः बाजूला बसते. ती त्यांना शिकवते आहे का?

तुम्ही जे पाहिले ते फार थोड्यांना जवळून पाहायला मिळते. मांजर आधी मेलेली शिकार आणते आणि पिल्लांसमोर स्वतः खाते, मग त्यांच्यासाठी ठेवून देते, मग जिवंत आणते. पिल्लाच्या तावडीतून उंदीर निसटू लागला तर तेवढ्यापुरती मध्ये पडते. पिल्ले वाढतात तसा हा क्रम बदलत जातो. टिम कॅरो यांनी मांजरींचे हे वागणे बारकाईने अभ्यासले आणि १९९२ मध्ये मार्क हाउझर यांच्यासह ‘शिकवणे’ कशाला म्हणावे याची कसोटी मांडली : शिकवणाऱ्याने अडाण्यासमोरच आपले वागणे बदलले पाहिजे, त्यात त्याचा तात्काळ लाभ नसावा, आणि शिकणाऱ्याला ते एरवीपेक्षा लवकर आले पाहिजे. पहिल्या दोन अटी तुमच्या ओसरीवर डोळ्यांदेखत पुऱ्या होत आहेत : पोटात जाऊ शकणारा उंदीर ती सोडून देते आहे.

पिल्ले आईकडून शिकतात याला स्वतंत्र पुरावा आहे. १९६९ मध्ये फिलिस चेस्लर यांनी नऊ-दहा आठवड्यांच्या पिल्लांना तरफ दाबून खाऊ मिळवण्याचे काम दिले. ज्यांनी आईला ते करताना पाहिले ती सर्वांत लवकर शिकली, परक्या मांजरीला पाहणारी उशिरा शिकली, आणि कोणालाच न पाहता स्वतः धडपडणारी शिकलीच नाहीत. थॉर्नडाइकची मांजरे दुसऱ्याला पाहून शिकली नव्हती, हे वर आलेच आहे. कोणाला पाहायचे याने किती फरक पडतो ते या दोन निकालांवरून दिसते. पिल्लू जन्मतःच पुष्कळ काही घेऊन येते, दबा धरणे आणि झडप घालणे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु मानेत नेमका चावा घेणे आणि धडपडणारा उंदीर न घाबरता धरून ठेवणे यासाठी सराव लागतो, आणि तो सराव आई घडवून आणते. तेवढे दिवस त्यांना ओसरीवरून हुसकू नका.

भुसावळहून एक निवृत्त रेल्वे कर्मचारी लिहितात : मुलाचे लग्न झाल्यापासून आमचा बोका सुनबाईंच्या गादीवरच लघवी करतो. इतकी वर्षे त्याने असे केले नव्हते. घरातले सगळे म्हणतात की तो सूड घेतो आहे. त्याला मारले, कोंडले, पण उपयोग नाही.

कृपा करून मारणे आजच थांबवा आणि बोक्याला पशुवैद्यकाकडे न्या. सूड घेण्यासाठी अपराध कोणाचा, त्याला काय लागेल आणि ते आपण केल्यावर त्याला कसे वाटेल, इतकी लांब साखळी मनात जुळवावी लागते. मांजराला तशी साखळी जुळवता येते असे एकाही प्रयोगात आढळलेले नाही. घरातला प्रमुख माणूस रागावलेला आहे की खुशीत, एवढे मात्र ते काही प्रमाणात ओळखते. तुम्ही तासाभरापूर्वीच्या कृत्याबद्दल मारता तेव्हा त्याला मार आणि कृत्य यांचा संबंध लागत नाही. घरात आता धोका आहे एवढेच कळते, आणि त्या ताणाने लघवीचा त्रास वाढतो.

जागा बदलून लघवी करण्यामागे मूत्राशयाची सूज, खडे किंवा ताणामुळे होणारा मूत्राशयाचा विकार असू शकतो. मऊ गादीवर बसणे त्याला वेदनेत सोयीचे वाटते. नवीन माणूस, नवे सामान, अनोळखी वास, बदललेल्या वेळा हे सगळे मांजरासाठी मोठे बदल आहेत, आणि लग्नघरात ते एकदमच येतात. बोका वारंवार बसतो आहे, कुंथतो आहे आणि थेंबही येत नाही असे दिसले, तर ती आणीबाणी समजा. नर मांजराचा मूत्रमार्ग पूर्ण बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. आजार नाही असे ठरल्यावर त्याला वाळूचे स्वच्छ घमेले शांत कोपऱ्यात द्या, गादी साध्या साबणाने न धुता वास मोडणाऱ्या द्रावणाने धुवा, आणि त्याचे खाणे काही दिवस सुनबाईंच्या हातून द्या. मालकाशी मांजराचे नाते घट्ट असते. अमेरिकेतल्या क्रिस्टिन व्हिटाली यांच्या २०१९ च्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश पिल्ले आपल्या माणसाजवळ निर्धास्त होत असल्याचे दिसले. ते नाते नव्या माणसाशीही जुळते.

चोपडा तालुक्यातून एक वाचक लिहितात : घरात मांजरे फार झाली म्हणून वडिलांनी एका मांजरीला गोणीत घालून चार-पाच किलोमीटरवरच्या मळ्यात सोडले. काही दिवसांनी ती परत आली. बंद गोणीतून नेलेल्या मांजरीला वाट कशी सापडली? आता ती पुन्हा गाभण आहे, काय करावे?

१९२२ मध्ये फ्रान्सिस हेरिक या अमेरिकन अभ्यासकाने पिल्ले असलेल्या एका मांजरीला झाकून काही मैल दूर नेऊन अनेकदा सोडले, आणि ती पुन्हा पुन्हा पिल्लांकडे परतली. परतण्यात तिची स्मरणशक्ती बहुधा मोठी कामगिरी करते. मांजर आपल्या परिसराचा वासाचा, आवाजाचा आणि खुणांचा नकाशा मनात बाळगते, आणि तो परिसर आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा असू शकतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात गळ्यात रेडिओपट्टा बांधून केलेल्या एका अभ्यासात एक मोकाट बोका ५४७ हेक्टरांत फिरत असल्याचे आढळले, तर पाळीव मांजरे सरासरी दोनेक हेक्टरांतच राहत होती. रोज धाब्यावरून आणि बांधावरून फिरणाऱ्या मांजरीला चार-पाच किलोमीटरवरून गावाच्या दिशेचा एखादा परिचित आवाज किंवा वास मिळणे अशक्य नाही, आणि एकदा ओळखीच्या हद्दीत आली की पुढची वाट तिची रोजचीच असते.

पण या कथेवर एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. परत आलेल्या मांजरीची गोष्ट गावभर होते. न आलेल्या मांजरींची कोणीच सांगत नाही. अनोळखी मळ्यात सोडलेल्या मांजरीपुढे कुत्री, वाहने, विषारी औषध घातलेले उंदीर आणि आपल्याकडचा मे महिन्याचा उन्हाळा असतो. ती हुशार आहे, परत येईल, या भरवशावर मांजर सोडणे म्हणजे तिच्या हुशारीचा तिच्याविरुद्ध वापर करणे आहे. उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव प्राणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाही आहे.

मांजरीचे गाभणपण साधारण नऊ आठवड्यांचे असते, आणि मादी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. मांजरांची संख्या कशी वाढते हे तुम्हाला आता माहीत आहेच. या वेताची पिल्ले किमान आठ आठवडे आईजवळ राहू द्या, कारण वर शहाद्याच्या पत्रात आलेले सारे शिक्षण त्या आठवड्यांत आणि त्यानंतरच्या थोड्या काळात होते. उंदरांनी त्रासलेल्या एखाद्या शेतकऱ्याला अशी आईकडून तयार झालेली पिल्ले हवीच असतात. ती दूध सोडू लागली की मांजरीची संततिनियमनाची शस्त्रक्रिया पशुवैद्यकाकडून करून घ्या, आणि तिला परत घरीच ठेवा.